पिशवीवाला

मेदिर : ...आणि मागच्या ब्रेकचे पॅडही नवीन टाकलेत. जुने अर्धेसुद्धा झिजले नव्हते म्हणा, पण असू देत. उद्याच्या स्पर्धेत तुला ब्रेकची काळजी नको.

केराल्त : बाबा, ते जानेवारीत टाकले होते. मीच टाकले होते, इथे शेडमध्ये याच स्टुलावर बसून.

मेदिर : म्हणून काय झालं? ओढ्यातून गाडी जाते, चिखल बसतो. पॅडवर तेलाचा एक थेंब पडला असला तरी ऐन वेळी ब्रेक लागत नाही.

केराल्त : पडला होता?

मेदिर : काय?

केराल्त : थेंब.

मेदिर : दिसला तरी नाही. मनगट कसं आहे?

केराल्त : आहे.

मेदिर : वाकव बघू. तसं नको, उलटं. हं. डॉक्टर काय म्हणाले?

केराल्त : चालव म्हणाले. आणखी काय काय बदललंस?

मेदिर : चेन. आणि चेन नवी घातली की पुढचं-मागचं स्प्रॉकेटही नवंच घालावं, नाहीतर नवी चेन जुन्या दातांवर चढते, म्हणून तीही दोन्ही. चाकांची बेअरिंगं. मागच्या शॉकच्या सांध्यातली बेअरिंगं, ती ग्रीसमध्ये अक्षरशः बुडवून बसवलीत. एअर फिल्टरचा स्पंज. क्लचच्या प्लेटा. मागच्या चाकाचे सहा आरे. आणि मुठी. मुठींना वरून तार आवळलीय, आता काही केल्या फिरणार नाहीत.

केराल्त : फेब्रुवारीत फिरली होती का मूठ?

मेदिर : ते तू सांगायचं. हात तुझा होता.

केराल्त : नव्हती फिरली.

मेदिर : पडताना माणसाला समजत नाही ग. क्षणाचा खेळ असतो. आपल्याला वाटतं आपण चुकलो, आणि खरं म्हणजे आत कुठेतरी प्लेट सरकलेली असते. मी चाळीस वर्षं गाड्या उघडतोय. दोष असल्याशिवाय गाडी पडत नाही.

केराल्त : वर पावावर टोमॅटो चोळून ठेवला होता तुझ्यासाठी. सॉसेजही कापून ठेवलं होतं. तसंच आहे सगळं.

मेदिर : जेवलो मी.

केराल्त : काय जेवलास?

मेदिर : होतं काहीतरी. आठवत नाही. हा लिव्हर बघ, दोन्ही लिव्हर नवे. पकड किंचित ढिली ठेवलीय, खाली टेप गुंडाळून, तुला आवडते तशी. पडलीस तर गोल फिरेल, मोडणार नाही.

केराल्त : आईचं औषधांचं कपाट तू रिकामं केलंस का?

मेदिर : नाही. वेळ कुठे मिळाला? गाडीचं काम होतं.

फेरिओल : घरात कुणी आहे का, की सगळे इंजिनात शिरलेत?

केराल्त : फेरिओल? तू कसा? आमचा नळ तर गळत नाहीये.

फेरिओल : बघा, हे असं. नळवाल्याला लोक नळ गळला तरच ओळख देतात. मेदिरकाकांनी बोलावलं म्हणून आलो. पिशवी घेऊन जा म्हणाले.

केराल्त : बाबा?

मेदिर : हो, मीच फोन केला. उद्या पिशवी फेरिओल घेईल. तुझ्याबरोबर तोच फिरेल, तुला धरायला दगडावर तोच उभा राहील. तरुण आहे, पाय भक्कम आहेत. मी एकसष्ट वर्षांचा झालो.

फेरिओल : थांबा काका, माझी जरा पंचाईत झालीय, ती आधी ऐका. गुरुवारी ह्या बाईसाहेबांचा फोन. फेरिओल, बाबा तुला विचारतील, पण रविवारी तुझी गरज नाही. ठीक. मी बायकोला म्हटलं, रविवारी तुझ्या आईकडे जेवायला येतो. शुक्रवारी तुमचा फोन. रविवारी तूच पिशवीवाला. मी बायकोला म्हटलं, येत नाही. सासूनं कोंबडी बर्फातून दोनदा बाहेर काढली आणि दोनदा परत ठेवली. तिसऱ्यांदा ती मलाच आत ठेवेल. तेव्हा आज काय ते ठरवून टाका.

मेदिर : केराल्त, तू त्याला नको म्हणालीस? मग उद्या वर कोण उभं राहणार आहे?

केराल्त : सांगते. तू आधी पिशवीचं काय सांगणार होतास ते सांग.

मेदिर : बस फेरिओल. नीट ऐक, मी दोनदा सांगणार नाही. वरच्या कप्प्यात दोन लिव्हर, एक क्लचचा, एक ब्रेकचा. प्लग आणि प्लगचा पाना. ॲक्सिलरेटरची केबल. चेनची सुटी कडी, पक्कड. टायरचं भोक बुजवायच्या वाती. तार. पाणी. तिचे दुसरे हातमोजे, पहिले भिजतातच.

फेरिओल : एवढं घेऊन तुम्ही डोंगर चढायचात? माझी हत्यारांची पेटी हलकी आहे याच्यापेक्षा.

मेदिर : टायरची हवा घरी भरायची नाही. तिथे पोचल्यावर, पहिल्या टप्प्याच्या आधी, गाडी सावलीत उभी करून मोजायची. मागे पस्तीस. दगड ओला असेल तर बत्तीस. ती म्हणेल तीस कर. करायची नाही.

केराल्त : मी कधीच तीस म्हणत नाही.

मेदिर : बेर्गाच्या स्पर्धेत म्हणाली होतीस. तर आता मुख्य गोष्ट. दगडाची उभी भिंत आली की तू केराल्तच्या आधी वर पोचायचं आणि कडेला उभं राहायचं. दगड चढताना तिचा पाय टेकला की एक गुण दंड, दोनदा टेकला की दोन, हे तुला ठाऊक आहे. पण तू गाडीला नुसतं बोट जरी लावलंस तरी पाच. म्हणजे तो टप्पा गेलाच. पंच तिथेच उभा असतो, कार्डाला भोक पाडतो. म्हणून तिनं हाक मारल्याशिवाय हात लावायचा नाही.

फेरिओल : आणि हाक मारायला वेळच मिळाला नाही तर?

मेदिर : मग तुझं तू ठरवायचं. तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, पुढच्या चाकाकडे बघायचं. चाक वर आलं आणि कडेवर थांबलं, की तेवढ्यात कळतं. पुढे जाणारं चाक जड दिसतं. मागे येणारं हलकं दिसतं. हलकं दिसलं की पाच गेले तरी चालतील, हँडल धरायचं आणि ओढायचं.

फेरिओल : म्हणजे त्या दिवशी चाक तुम्हाला...

केराल्त : फेरिओल.

फेरिओल : नाही, मी सहज विचारत होतो. शिकायला म्हणून. गाडी मात्र झकास झालीय हं काका. दुकानातून आणल्यासारखी. मी सांगू का, माझ्या गाडीला तुम्ही वर्षातून एकदा जरी असा हात... हे काय? हा क्लच असा का करतोय?

मेदिर : कसा?

फेरिओल : दाबला तर परतच येईना. आत चिकटल्यासारखा. हे बघा, बोटाने मागे ओढावा लागतोय.

मेदिर : हवा राहिली असेल आत. काढतो. दोन मिनिटांचं काम.

केराल्त : हवा राहिली की लिव्हर पोकळ लागतो, बाबा. हा पोकळ नाही. चिकटतोय. क्लचचं तेल कधी बदललंस?

मेदिर : गुरुवारी. जुनं काढून सगळं नवीन भरलं.

केराल्त : कुठल्या डब्यातलं?

मेदिर : कुठल्या म्हणजे? क्लचच्या. तो काय बाकावर.

केराल्त : बाकावर लाल झाकणाचा डबा आहे.

मेदिर : पांढऱ्या झाकणाचा. मागे असेल.

केराल्त : मागे पांढऱ्याचं सीलसुद्धा तोडलेलं नाही. हे बघ. लाल अर्धा रिकामा आहे.

फेरिओल : होतं हो काका. माझ्याकडून मागच्या आठवड्यात गरम पाण्याच्या नळाला गार जोडलं गेलं. बाई तीन दिवस गार पाण्यानं अंघोळ करून माझी वाट बघत बसल्या.

मेदिर : ब्रेकचं तेल क्लचमध्ये घातलं मी.

फेरिओल : रंग सारखाच दिसतो दोन्हींचा.

मेदिर : म्हणून तर झाकणं मी रंगवली. क्लबातल्या प्रत्येकाचे डबे आणून मीच रंगवून दिले. लाल ब्रेक, पांढरा क्लच. तुझेसुद्धा.

फेरिओल : माझेसुद्धा. आणि मी तरीही एकदा चुकलोच होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात, तुझ्यापेक्षा गाढव बरं, ते निदान डबे उघडत नाही.

केराल्त : रबर फुगलं असणार आतलं. दोन दिवस झालेत. नुसतं धुऊन भागणार नाही.

मेदिर : रबरं मागवावी लागतील. सोमवारशिवाय मिळायची नाहीत. आणि हे तेल नळीतून खालच्या सिलेंडरपर्यंत गेलेलं. भिंतीच्या पायथ्याशी क्लच सोडला असतास आणि तो सुटलाच नसता तर...

केराल्त : सापडला ना आत्ताच. घरातच सापडला.

फेरिओल : हे बघा, माझ्या गाडीचा क्लचचा वरचा-खालचा सगळा संच काढून आणतो. मॉडेल एकच आहे. मी उद्या चालवणार नाहीच. तासाभरात येतो. तोपर्यंत तुम्ही नळी धुऊन ठेवा. आणि माझ्या कोंबडीचा निकाल लावा. काका, वाईट वाटून घेऊ नका.

मेदिर : नाही वाटत.

फेरिओल : बरं. येतो मग.

(फेरिओलची व्हॅन उताराला लागून तिचा आवाज विरला. मग केराल्तने बाकाखालचा लाकडी खोका ओढून काढला. एके काळी त्यात सफरचंदं यायची. आता त्यात दहा आठवड्यांत गाडीतून काढलेला प्रत्येक भाग होता, पेट्रोलने धुतलेला, पुसलेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला. बाहेर एप्रिलचं ऊन चांगलं वर आलं होतं, पण ते शेडमध्ये येत नाही. ती एकेक पुडी उलगडायला लागली.)

मेदिर : ते कशाला काढतेस? हात काळे होतील.

केराल्त : क्लच प्लेटा. मोजल्यास का?

मेदिर : मोजल्या.

केराल्त : किती भरल्या?

मेदिर : जवळजवळ नव्याइतक्या.

केराल्त : ही चेन?

मेदिर : ताणलेली नाही.

केराल्त : स्प्रॉकेटचे दात मला चांगले दिसतायत. बेअरिंग फिरवून बघितलं, आवाज नाही. आऱ्यांचं काय?

मेदिर : सरळ होते. सहाच्या सहा.

केराल्त : मग यातलं खराब काय होतं, बाबा? एक दाखव.

मेदिर : सगळं उघडल्याशिवाय कळत नाही.

केराल्त : सगळं उघडलंस. आता उघडायला नंबरप्लेट राहिलीय. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय तुझं. एक दाखव मला.

मेदिर : नाही.

केराल्त : काय नाही?

मेदिर : खराब काही नव्हतं. गाडी चांगली होती. तूही चांगली आलीस. वेग बरोबर होता, क्लच बरोबर जागी सोडलास. दगड ओला होता, मागचं चाक चार बोटं घसरलं, एवढंच. असं शंभरदा होतं. म्हणून तर वर माणूस उभा असतो.

केराल्त : हं.

मेदिर : पुढचं चाक वर आलं. हलकं दिसलं मला. तू हाक मारली नव्हतीस, पण मला कळलं होतं. तुझा दिवसभरात एकही गुण गेला नव्हता, लोकांना वाटलं म्हणून मी हात लावला नाही. पंचसुद्धा तेच म्हणाला. म्हातारा जिद्दी आहे, पाच वाचवायला गेला. मी म्हटलं, हो.

केराल्त : मला माहीत आहे तो काय म्हणाला ते.

मेदिर : मी गुणांचा विचार केलाच नव्हता. कसलाच केला नव्हता. हात पुढे करायचा आणि हँडल धरायचं, इतकंच काम. अकरा वर्षं केलंय. हात उठलेच नाहीत. बाजूला लोंबत होते. मी त्यांच्याकडे खाली वाकून बघितलं, केराल्त. ते माझे नसल्यासारखे बघितले.

केराल्त : मी पाहिलं.

मेदिर : काय पाहिलंस?

केराल्त : तुला. मी उताणी पडत होते, तुझाच चेहरा होता समोर. गाडी अंगावर येत होती आणि मी तुझ्याकडे बघत होते. तू घाबरलासुद्धा नव्हतास.

मेदिर : नव्हतो. तू दगडावर आपटलीस, मनगटाचा आवाज वरपर्यंत आला, आणि मला आत काही झालं नाही. तुझ्या आईला पुरताना असंच होतं. लोक येऊन हात हातात घेत होते. मला नुसतं दिसत होतं. म्हटलं, होतं असं, ओसरेल. नोव्हेंबर गेला, नाताळ गेला. मिठाची चव कळेना, म्हटलं ओसरेल. पण पोटची पोर डोळ्यांसमोर पडते आणि बापाला काही होत नाही, म्हणजे काय? मग गाडी उघडली. म्हटलं, यात काहीतरी सापडेल. एखादा तुकडा सापडला असता तर बरं झालं असतं.

केराल्त : दहा आठवडे तू शोधत होतास आणि दहा आठवडे मी वर स्वयंपाकघरात बसून पाना पडल्याचे आवाज ऐकत होते.

मेदिर : माहीत होतं तर बोलली का नाहीस?

केराल्त : राग येईल मग बोलेन, असं ठरवलं होतं. वाट बघितली रागाची. नाही आला. दवाखान्यात प्लास्टर घालताना त्या बाई सारख्या विचारत होत्या, दुखतंय का. मी म्हटलं, बहुतेक. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू डोक्यालाच मार लागलाय.

मेदिर : तुलाही?

केराल्त : मलाही. आईचा कोट अजून दाराला आहे. मी रोज त्याच्यावर माझा कोट टांगते. काही वाटत नाही.

मेदिर : ती असती तर दोघांनाही बदडलं असतं.

केराल्त : तुला जास्त.

मेदिर : म्हणूनच सांगतो, फेरिओलला घेऊन जा. तोंडाळ आहे, पण त्याचे हात चालतात. सासूच्या कोंबडीचं मी बघतो. यंदाच्या यादीत तुझा तिसरा नंबर आहे. उद्या भिंत चढलीस की दुसरा. माझ्यामुळे तो घालवू नकोस.

केराल्त : त्याला घेऊन मी भिंत चढणार नाही.

मेदिर : अग, तो पकडेल.

केराल्त : पकडेल. मला माहीत आहे तो पकडेल. पण मी खालून क्लच सोडते तेव्हा वर तू असतोस. मी वर बघतसुद्धा नाही. दुसरं कुणी असलं तर मी बघेन, आणि बघितलं की गेलंच. तू वर नसलास तर माझ्याच्याने चढवणार नाही, आणि तू वर उभा राहिलास तर तुझ्याच्याने होणार नाही. बुधवारभर मी हेच घोळवत होते. मग गुरुवारी नाव काढून दुसरीकडे घातलं.

मेदिर : कुठलं नाव?

केराल्त : स्पर्धेतलं. निळ्या बाणांचा अवघड गट सोडला. उद्या हिरव्या बाणांच्या सोप्या गटात आहे मी.

मेदिर : हिरव्या? केराल्त, हिरव्या बाणांत माझ्याएवढे म्हातारे असतात आणि शाळेतली पोरं. तिथे गुडघ्याएवढे दगड.

केराल्त : गुडघ्याएवढे दगड. पडले तरी पायावर पडते. वर कुणी लागत नाही.

मेदिर : निळ्यात मिळवलेले गुण जातील सगळे. वर्षाची मेहनत आहे.

केराल्त : गेलेच. त्यांनी विचारलं, नक्की ना. मी म्हटलं नक्की.

मेदिर : माझ्यासाठी करतेस हे?

केराल्त : तुझ्यासाठी केलं असतं तर निदान चांगलं तरी वाटलं असतं. तसंही काही वाटलं नाही. पण तू रविवारी ह्या शेडमध्ये बसून आणखी काहीतरी उघडशील आणि मी तिकडे फेरिओलचे विनोद ऐकेन, ते नको वाटलं. तेवढं मात्र नक्की नको वाटलं.

मेदिर : किती दिवस राहणार हिरव्यात?

केराल्त : माहीत नाही.

मेदिर : वर्षभर?

केराल्त : माहीत नाही, बाबा. लिव्हर काढून ठेवायचा का? तो येईल आता.

मेदिर : काढतो. आठ नंबरचा पाना दे. हे झाकण धर, तेल रंगावर सांडू देऊ नकोस. रंग खातं ते.

केराल्त : सकाळी सातला निघू.

मेदिर : आणि मी काय करायचं तिथे?

केराल्त : माझ्या मागून चालत यायचं. बारा टप्पे आहेत, दोन फेऱ्या.

मेदिर : पिशवी?

केराल्त : इथेच राहू दे. प्लग गेला तर ढकलत आणू गाडी.

मेदिर : पिशवी न घेता मी कधी गेलो नाही ग. हातांचं काय करू?

केराल्त : खिशात घाल. सकाळी तिथे गार असतं.